पान एकतीस

नव्या नऊ मशीनपैकी पहिल्या मशीनवर पहिलं उदाहरण सुरू झालं, तेव्हा पडद्यावर एक काळी चौकट उघडली आणि तशीच उघडी राहिली. एरर नाही, तक्रार नाही. चौकटीच्या माथ्यावर ‘उदाहरण १ : त्रिकोण’ असं लिहून आलं होतं. त्रिकोण तेवढा नव्हता.

"चाललं का?" सरांनी दारातून विचारलं.

"चाललं," धाकटी म्हणाली. "पण दिसत काही नाही."

"म्हणजे चाललं नाही. भाषा नीट वापर."

सर म्हणजे तिचे सासरे. जन्मभर शिकवलेल्या माणसाला बाहेरचे लोक सर म्हणतात यात नवल नाही, पण यांना घरातही सगळे सरच म्हणत. दोन्ही मुलगे म्हणत, सासूबाईसुद्धा म्हणत. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी धाकटीनं त्यांना ‘बाबा’ अशी हाक मारली, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं होतं, दारात दुसरं कुणी आलंय की काय म्हणून. तेव्हापासून तीही सर म्हणू लागली, आणि दोन सुनांमधली लहान म्हणून ती स्वतः झाली धाकटी.

घराच्या तळमजल्यावर सरांचा वर्ग होता. कॉम्प्युटरकडून चित्र कसं काढून घ्यायचं ते तिथे शिकवत. माउस धरून नव्हे, गणितानं. तीन बिंदू सांगितले की त्रिकोण, बारा त्रिकोण जोडले की ठोकळा, ठोकळ्यावर उजेड टाकला की खरी वाटणारी वस्तू. त्यावर सरांचं पुस्तक होतं, बेचाळीस उदाहरणांचं, मागच्या पुठ्ठ्याला सीडी चिकटवलेलं. दोन वर्षांपूर्वी थोरला मुलगा भांडून घराबाहेर पडला, मशीन सांभाळणारं कुणी उरलं नाही, आणि वर्ग बंद पडला.

आता तो पुन्हा सुरू व्हायची वेळ आली होती. येत्या गुरुवारी जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यबाई यायच्या होत्या. बेचाळीस उदाहरणं डोळ्यांनी चालताना पाहिली की त्या आपली एक अख्खी तुकडी इथे पाठवणार होत्या. आणि सरांचे गुडघे आता तासभर उभं राहू देत नसल्यामुळे ती तुकडी शिकवणार होती धाकटी. जेवताना सर स्वतःच्या तोंडानं तसं म्हणाले होते. उदाहरणं चालली नाहीत, तर खालची खोली फरशीवाल्याला गोदामासाठी द्यायची, हेही त्याच घासाला म्हणाले होते. फरशीवाला येऊन टेप लावून मापं घेऊन गेला होता.

धाकटी भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. लग्नाआधी तीन वर्षं एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवत होती. मग नवऱ्याच्या बदलीमागून हे घर, आणि चार वर्षांत तिनं कुणालाही काहीही शिकवलं नव्हतं. कधी कधी भांडी घासता घासता ती मनातल्या मनात भिंगाचं सूत्र फळ्यावर सोडवायची आणि मागच्या बाकावरच्या मुलाला दटावायची. तिला हा वर्ग हवा होता. किती हवा होता ते तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण या घरात एखादी गोष्ट कुणाला हवी आहे हे कळलं की ती शिंक्यावर जायची.

काळ्या चौकटीपर्यंत पोचायलाच तिच्या नाकी नऊ आले होते. जुनी मशीन सरांनी तिला न विचारता भंगारात दिली होती. "सगळं सीडीत आहे," ते म्हणाले. नव्या मशीनना सीडी घालायला जागाच नव्हती, म्हणून तिनं बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. मग कळलं की प्रत्येक उदाहरणात फाईलींचा पत्ता सरांच्या जुन्या मशीनवरच्या फोल्डरचा घातलेला. तो तिनं बेचाळीस ठिकाणी बदलला. त्यानंतर लायब्ररीचं घोडं अडलं. लायब्ररी म्हणजे चित्र काढण्याची तयार कामं, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली, आपण नुसती बोलावून घ्यायची. सीडीवरची लायब्ररी इतकी जुनी की नव्या मशीननं दोनशे बारा एरर तोंडावर फेकल्या. मग तिनं त्याच लायब्ररीची नवी आवृत्ती उतरवून घेतली, पुस्तकातलं पान नऊ समोर ठेवून पायरी पायरीनं बसवली, आणि शुक्रवारी सकाळी एकही एरर न येता सगळं जुळलं. मग ही काळी चौकट.

"तू काहीतरी बिघडवलंयस," सर म्हणाले.

"काय बिघडवलं असेल?"

"ते मला काय विचारतेस? बिघडवणाऱ्याला माहीत." ते काठी टेकत वर गेले, आणि वरून त्यांचा आवाज आला, "पदवीवर जाऊ नये माणसानं. हातात कला लागते."

शनिवारी तिनं एकेक शक्यता कापत आणली. पडद्याचा ड्रायव्हर नवा घातला. काळं तसंच. पार्श्वभूमीचा रंग काळ्याऐवजी निळा केला. चौकट निमूट निळी झाली, म्हणजे मशीन तिचं ऐकत होतं. त्रिकोणाचा रंग बदलला, आकार दहापट केला. काही नाही. मग ती त्रिकोण सोडून उदाहरण नऊवर गेली, ठोकळ्यावर. आणि ठोकळा दिसला.

पण कसा! झाकण काढलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात वरून डोकवावं तसा. समोरच्या भिंती गायब आणि पलीकडच्या भिंतींच्या आतल्या बाजू दिसताहेत. धाकटी खुर्चीत मागे टेकली. प्रयोगशाळेत एखाद्या मीटरच्या काट्यानं उलट दिशेला झेप घेतली की तिला बरं वाटायचं. न हलणारा काटा मुका असतो, उलटा जाणारा बोलतो.

त्रिकोणाला दोन बाजू असतात, पुढची आणि पाठची. कोणती पुढची, हे कॉम्प्युटर बिंदू कोणत्या क्रमानं दिलेत त्यावरून ठरवतो. पाठीमागची बाजू एरवी दिसत नाही, म्हणून ती रंगवूच नकोस असं त्याला सांगून ठेवतात, तेवढेच त्याचे कष्ट वाचतात. सरांच्या प्रत्येक उदाहरणात ती सूचना होती. धाकटीनं उदाहरण एकमधून ती काढली, आणि त्रिकोण क्षणात हजर झाला, लाल, मोठा, निर्लज्ज. म्हणजे तो होताच. मशीन त्याला पाठमोरा समजत होतं.

तिनं जुन्या कॅलेंडरच्या पानाचा त्रिकोण कापला, कोपऱ्यांवर एक, दोन, तीन लिहिलं आणि खिडकीच्या उजेडावर धरला. समोरून आकडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं जात होते. कागद उलटा केला की काट्यांच्या विरुद्ध. लायब्ररीच्या माहितीत स्वच्छ लिहिलं होतं: काट्यांच्या विरुद्ध ती पुढची बाजू. सरांच्या उदाहरणात बिंदू काट्यांच्या दिशेनं दिले होते. एका उदाहरणात नव्हे, बेचाळीसही उदाहरणांत. एका जागी चूक झाली तर ती हाताची. बेचाळीस जागी तीच चूक झाली तर तो नियम असतो. तिनं पुस्तक उघडलं आणि नियम शोधला. तो पान एकतीसवर होता, चौकटीत, जाड टायपात: ‘बिंदू नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच द्यावेत. यात कधीही चूक करू नये.’

रविवारी सकाळी चहाच्या वेळी तिनं कागदाचा त्रिकोण आणि पुस्तक दोन्ही टेबलावर ठेवलं.

सरांनी त्रिकोणाकडे पाहिलंही नाही. "अकरा वर्षं," ते म्हणाले. "अकरा वर्षं हीच उदाहरणं याच खोलीत चालली. शेकडो पोरं शिकून गेली. त्यांना त्रिकोण दिसला, ठोकळा दिसला. नियम चुकीचा असता तर त्यांना काय दिसलं, भूत?"

"तेच मला कळत नाहीये."

"कळत नाही ना? मग ज्याला कळतं त्याच्या चुका काढू नयेत."

"सर, मी चुका काढत नाहीये. नवी लायब्ररी..."

"घड्याळ कुठल्या दिशेला फिरतं? सांग की. एम.एस्सी. आहेस ना?" त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "आता ते उलटं फिरवायला निघालीस."

नवऱ्यानं पेपर आणखी वर धरला. सासूबाई म्हणाल्या, "सर, चहा गार होतोय," आणि विषय संपला.

पण सरांचा प्रश्न बिनतोड होता, हे धाकटीला मान्य करावं लागलं. अकरा वर्षं चाललं होतं ते कसं चाललं? जुनी मशीन भंगारात वितळली असतील. उत्तर ज्याच्याकडे असेल असा एकच माणूस होता, आणि त्याचं नाव या घरात निघत नसे.

सोमवारी दुपारी ती केबल आणायला म्हणून बाहेर पडली आणि दोन बस बदलून थोरल्या दिरांच्या दुकानात गेली. ते आता प्रिंटर दुरुस्त करत. पुढच्या काउंटरवर थोरली जाऊ बसली होती. तिनं धाकटीला आपादमस्तक न्याहाळलं.

"घरात कुणी आजारी आहे?"

"नाही, ताई."

"मग इकडची वाट कशी सापडली? दोन वर्षं तर रस्ता खणून ठेवल्यासारखं वागत होतात सगळे."

"दादांना एक विचारायचं होतं. पुस्तकातल्या उदाहरणांचं."

जाऊ हसली, पण त्या हसण्यात बसायला जागा नव्हती. "अहो!" तिनं आत हाक मारली. "पान एकतीस आलंय भेटायला."

दादा हातावरची काळी शाई पुसत बाहेर आले. अंगकाठी सरांचीच, फक्त ताठा नसलेली.

"किती दिवस लागले?" त्यांनी विचारलं.

"काळ्या चौकटीपासून दोन. शुक्रवारी दिसली ती. आणि गुरुवारी प्राचार्यबाई उदाहरणं बघायला येताहेत."

"मला चार लागले होते. पण मी मुलगा ना, मला पुस्तक चुकीचं असू शकतं हे सुचायलाच तीन गेले." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं नाही, ती उभीच राहिली. "ऐक. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा लायब्ररी वेगळी होती. तिच्यात काट्यांच्या दिशेनं दिलेलंच पुढचं. सर तेव्हा शंभर टक्के बरोबर होते. दुसऱ्या आवृत्तीला आपण ही लायब्ररी घेतली, कारण ही कुठल्याही मशीनवर चालते. बेचाळीस उदाहरणं मी बदलून लिहिली. हिचा नियम बरोबर उलटा. मी म्हटलं, सर, पान एकतीस बदलायला हवं."

"मग?"

"म्हणाले, पान जाड टायपात आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जाड टायपातलं खोटं ठरत नाही. म्हणाले, मशीनला सांग पुस्तकाप्रमाणे वागायला. मी सांगितलं. वर्गातल्या मशीनवर लायब्ररीच्या पोटात एक ओळ घातली, काट्यांच्या दिशेनं असेल ते पुढचं मान म्हणून. बाजू उलटली की उजेडही उलट्या अंगावर पडतो, म्हणून त्यासाठी एका ठिकाणी वजाचं चिन्ह. पोरांना त्रिकोण दिसला. सगळे खूष."

"आणि सीडी?"

"सीडीवर लायब्ररी मूळचीच गेली. लोकांची पत्रं यायची, चौकट काळी दिसते म्हणून. सर प्रत्येकाला कार्ड टाकायचे. ‘पान नऊप्रमाणे पुन्हा इन्स्टॉल करावे.’" दादांनी सरांचा आवाज असा हुबेहूब काढला की जाऊनं मान दुसरीकडे फिरवली. "मग एक जुना विद्यार्थी आला. नोकरीच्या परीक्षेत त्यानं पान एकतीस लिहिलं आणि तोंडावर पडला. भर वर्गात त्यानं सरांना विचारलं. सर म्हणाले, मशीनचं काम आमच्या चिरंजीवांकडे असतं, त्यांनीच काहीतरी करून ठेवलं असणार."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"करून ठेवलंच होतं की मी. खोटं कुठे बोलले ते?"

"आणि वर आम्हालाच म्हणाले, आता यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा," जाऊ म्हणाली. "नऊ वर्षं यांनी त्यांची अब्रू झाकली, आणि झाकण काढलं तेव्हा दोष झाकणाचा."

दादांनी एका जुन्या बिलाच्या पाठीमागे ती ओळ लिहून दिली. कागद देताना त्यांनी तो क्षणभर सोडला नाही.

"कुठे घालायची ते तुझं तू बघ. पोटात घातलीस तर गुरुवारी सगळं गोड होईल. पण मग तू माझ्या जागेवर बसलीस असं समज. आणि त्यांना माहीत नाही असं मनात आणू नकोस. त्यांना सगळं माहीत आहे. शुक्रवारी काळी चौकट पाहिली ना त्यांनी? त्याच क्षणी कळलं असेल."

"पाणी विचारू का?" जाऊ म्हणाली. "की सरांना वास येईल?"

धाकटी पाणी प्याली आणि निघाली.

परतीच्या बसमध्ये तिला राग यायला हवा होता तो आला, पण वेगळ्याच जागी आला. चूक कुणाचीही होते. नियम कालांतरानं उलटा होतो, तीही चूक नव्हे. पण शुक्रवारपासून ते रोज तिला ‘बिघडवणारी’ म्हणत होते, आणि त्यांना ठाऊक होतं.

मंगळवारी आणि बुधवारी दुपारपर्यंत ती खाली बसून होती. ओळ तिनं लायब्ररीच्या पोटात घातली नाही. बेचाळीस उदाहरणांच्या प्रत्येक फाईलीत, वरच, डोळ्यांत भरेल अशा जागी घातली. शेजारी टीप लिहिली: ‘पुस्तकातला क्रम पहिल्या आवृत्तीच्या लायब्ररीला धरून आहे. या लायब्ररीचा नियम उलटा आहे. म्हणून ही ओळ लागते.’ उजेडाच्या उदाहरणांत वजाचं चिन्ह, त्यालाही टीप. नऊ मशीनवर बेचाळीस उदाहरणं तिनं चालवून पाहिली. शेवटचं उदाहरण टेबलावर ठेवलेल्या किटलीचं होतं. नवव्या मशीनवर किटली चमकली तेव्हा तिचे डोळे दुखत होते.

नवरा डोकावून गेला. "चाललं ना? मग आता कशाला वाकड्यात शिरतेस? गुरुवार काढ, मग काय ते बघू."

"मी कुठे शिरतेय? मी लिहून ठेवलंय फक्त."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला.

बुधवारी संध्याकाळी तिनं सरांना सांगितलं, "सगळी चालतात. पण प्रत्येकात मी एक ओळ घातली आहे. येऊन बघून घ्या."

"मला कोड दाखवू नकोस. चालतात का?"

"चालतात."

"मग झालं. शेवटी पान नऊच नीट वाचावं लागलं ना?"

गुरुवारी अकरा वाजता प्राचार्यबाई आल्या. साठीच्या आत, पायात सपाट चपला, हातात वही. एके काळी भूमिती शिकवायच्या, हे त्यांनीच आल्या आल्या सांगितलं. सर इस्त्रीच्या शर्टात होते आणि त्यांचे गुडघे त्या दिवशी दुखत नव्हते. धाकटी मशीनशेजारी उभी राहिली. किटली, ठोकळा, फिरणारा गोल, गोलावर पडणारी सावली, एकामागून एक सगळं चाललं. बाईंनी दोनदा मान डोलावली. सरांचा आवाज हळूहळू वर्गातला झाला.

"आमची पद्धत सांगतो," ते म्हणाले. "विद्यार्थ्यानं पुस्तक डाव्या हाताला ठेवायचं आणि पडद्यावरची ओळ अन् पुस्तकातली ओळ ताडून पाहायची. अक्षर इकडचं तिकडे सापडणार नाही. हे घ्या. उदाहरण एक, पान तेहतीस. तुम्हीच ताडा."

बाईंनी खरंच बोट ठेवून ताडायला सुरुवात केली. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

"ही पुस्तकात नाही."

सर पडद्यावर वाकले. टीप त्यांनी वाचली, दोनदा वाचली असावी, कारण त्यांचे ओठ दोनदा हलले. मानेवर लाली चढली.

"हे हिचं," ते म्हणाले. "हौस असते नव्या माणसाला. लागत नाही ही ओळ."

"सर," धाकटी म्हणाली, "ती राहू द्या."

"लागत नाही म्हटलं ना!" त्यांनी की-बोर्ड पुढे ओढला, एका बोटानं ओळ पुसली, टीप पुसली, फाईल साठवली आणि उदाहरण चालवलं.

काळी चौकट उघडली. वर लिहिलेलं: ‘उदाहरण १ : त्रिकोण’.

धाकटीला कळेना की त्यांनी हे का केलं. त्यांना माहीत होतं. मग वाटलं, नऊ वर्षं दुसऱ्यानं त्रिकोण दाखवल्यावर माणसाला तो आपोआप दिसतो असंच वाटू लागत असेल.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

सर सरळ उभे राहिले. "मशीन नवी आहेत," ते शांतपणे म्हणाले. "अजून मुरलेली नाहीत. इन्स्टॉलेशनमध्ये काहीतरी राहिलंय. होतं असं सुरुवातीला. काय गं?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत या वेळी दरडावणी नव्हती. सौदा होता. तिनं नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. आठवड्याभरात तुकडी आली असती, फळा तिचा झाला असता, फरशीवाला दुसरीकडे जागा बघत फिरला असता. एका अक्षराचं काम होतं.

"मशीन ठीक आहेत," धाकटी म्हणाली. "इन्स्टॉलेशनही ठीक आहे. पान एकतीस या लायब्ररीला लागू पडत नाही. पहिल्या आवृत्तीला ते बरोबर होतं. दुसऱ्या आवृत्तीत बदलायचं राहिलं."

"राहिलं?" सर म्हणाले. "राहिलं?"

"नाही. सांगूनही बदललं नाही."

बाईंनी वहीतून कागद फाडला, त्याचा त्रिकोण केला, कोपऱ्यांवर अ, ब, क लिहिलं. पान एकतीस वाचलं. कागद समोरून पाहिला, उलटून पाहिला. मग की-बोर्डकडे बोट केलं. "ती ओळ परत घाला."

धाकटीनं दोन कळा दाबल्या, ओळ परत आली, उदाहरण चालवलं आणि लाल त्रिकोण उभा राहिला.

"पुस्तक मला आत्ता नको," बाई म्हणाल्या. "वर्ग हवा. पण पुस्तक कुठे चुकतं हे सांगून शिकवणारा हवा. त्याला तुमची हरकत नसावी."

"या खोलीत माझं पुस्तक शिकवलं जाईल," सर म्हणाले. "आहे तसं. नाहीतर काहीही शिकवलं जाणार नाही."

"सर, जरा..." दारातून नवरा म्हणाला.

"तू गप्प बस! दोघांनी मिळून काय चालवलंय? एकाला वाढवला, तो बाहेर जाऊन बसला. आता ही घरात बसून कापतेय." ते भिंतीकडे गेले आणि त्यांनी वर्गाचं मुख्य बटण खाली ओढलं. नऊ पडदे एकदम विझले. "झालं. काही नाही शिकवायचं."

"अशी मशीन बंद केली तर बिघडतात," धाकटी म्हणाली.

"माझी आहेत."

"हो. तुमचीच आहेत."

बाईंनी वही मिटली. जाता जाता त्या धाकटीजवळ थांबल्या, आवाज मुळीच न उतरवता म्हणाल्या, "आमच्या कॉलेजात एक खोली आहे. बारा मशीन, त्यातली पाच चालतात. पाचांवर काय आहे ते कुणाला माहीत नाही. नेमणूक तात्पुरती, तीन महिन्यांची, त्यापुढे माझ्या हातात नाही. सोमवारी दहा वाजता या. पुस्तक न घेता शिकवता येईल?"

"येईल."

"बघू," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

धाकटीनं मुख्य बटण पुन्हा वर केलं, पहिलं मशीन सुरू होईपर्यंत थांबली आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून लावला. बेचाळीस फाईली त्यावर जाऊ लागल्या.

"ते प्रोग्राम माझे आहेत," सर मागून म्हणाले. ते आता खुर्चीत बसले होते, दोन्ही हात काठीवर. "माझ्या पुस्तकातले. घराबाहेर जाणार नाहीत."

ती थांबली. त्यातलं तिचं काय होतं? एकेक ओळ, दोन वाक्यांची एक टीप आणि काही वजाची चिन्हं. तिनं ड्राइव्हवरचं सगळं पुसलं, रिकामा झाल्याचं त्यांना पडद्यावर दिसेल असं दाखवलं आणि तो काढून घेतला.

"ठेवा," ती म्हणाली. "मी नव्यानं लिहीन. त्रिकोणापासून."

"बेचाळीस उदाहरणं म्हणजे चेष्टा वाटली? मला सहा वर्षं लागली."

"दादांना किती लागली होती?"

सासूबाई केव्हाच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, चार कप, चारही भरलेले. त्यांनी ट्रे बाकावर ठेवला, एक कप सरांच्या हाताशी सरकवला.

"सोमवारी डबा किती वाजता लागेल तुला?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"तिला कशाला डबा?" सर म्हणाले. "या घरातून कुणी डबा देणार नाही."

"मी तुम्हाला विचारलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "किती वाजता, गं?"

"नऊला," धाकटी म्हणाली.

मग सरांनी, तिच्याकडे न बघता, अगदी वर्गात विचारतात तसं विचारलं, "त्या ओळी सगळ्या मशीनवर आहेत?"

"पहिल्या मशीनवरचं उदाहरण एक सोडून सगळीकडे. त्यातली ओळ मी परत घातली होती, पण साठवायच्या आत तुम्ही वीज घालवलीत." ती दारापर्यंत गेली. "ज्यात टीप नसेल ते तुमचं."